कोकणातल्या घरांतली जुनी काच: जमवावी कशी, ओळखावी कशी, पावसाळ्यात टिकवावी कशी

कोकणातलं जुनं घर मोडायला काढलं की खांब, वासे आणि दारांच्या चौकटी यांना गिऱ्हाईक आधीच ठरलेलं असतं. तांब्यापितळेची भांडी भावंडांत वाटली जातात. काच मात्र कुणालाच नको असते. माळ्यावरच्या बरण्या, फडताळातले पेले, ओटीवर टांगलेल्या दिव्यांच्या हंड्या, कंदिलाच्या काचा आणि दवाखान्याच्या निळ्या बाटल्या एका पोत्यात भरून भंगारात जातात. तिथे त्यांचा भाव किलोवर ठरतो, आणि बरंचसं पोतं उचलतानाच फुटतं. ते पोतं भरायच्या आधी ज्यांना पोचायचं आहे, त्यांच्यासाठी हा लेख.

जुनी काच मुंबईच्या चोरबाजारातही मिळते, तीही भरपूर. पण तिथे वस्तू हातात येते तेव्हा तिचं घर सुटलेलं असतं. कोकणात अजून ती फडताळातूनच आपल्या हातात येते, आणि ती कुणी, कधी, कुठून आणली हे सांगणारं माणूस शेजारी बसलेलं असतं. माझ्या मते इथल्या संग्राहकाची खरी मिळकत ती आहे. म्हणून या लेखात खरेदीपेक्षा विचारपूस, पारख आणि सांभाळ यांवर जास्त लिहिलं आहे.

काय जमवायचं ते आधी ठरवा

सगळंच जमवायला घेतलं की वर्षभरात घरात ठेवायला जागा उरत नाही आणि हातात काही नेमकं लागत नाही. एक प्रकार धरा. कोकणात साधारण हे सापडतं.

गोटीसोड्याच्या बाटल्या. हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याने 1870 च्या दशकाच्या सुरुवातीला या बाटलीचं पेटंट घेतलं. बाटली उलटी धरून भरायची. आतल्या वायूच्या दाबाने गोटी तोंडातल्या रबरी कड्यावर घट्ट बसते. बोटाने दाबली की फट्‌ आवाज होऊन ती खाली येते आणि मानेवरच्या दोन खोबणींत अडकते, म्हणजे ओतताना पुन्हा तोंड बंद होत नाही. नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी. बाटल्या अजून मिळतात, आणि ज्यांच्यावर कारखान्याचं किंवा गावाचं नाव उठावात असतं त्या वाचता वाचता जुन्या बाजारपेठांचा नकाशा उलगडत जातो.

कंदील आणि त्यांच्या काचा. इथे स्वदेशीचा इतिहास हाताला लागतो. कराडजवळच्या ओगलेवाडीत 1916 साली ओगले काच कारखाना उभा राहिला, त्याला औंध संस्थानाचा आधार होता, आणि त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील घाटाच्या वर-खाली घरोघर पोचला. त्याआधी 1908 साली तळेगाव दाभाडे इथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला होता. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा करून तो उभारला आणि लोकमान्य टिळकांनी त्यांना पाठबळ दिलं. या दोन कारखान्यांचा माल विलायती मालाइतका देखणा नसतो. काचेत बुडबुडे असतात, जाडी कमीजास्त असते. तरीही पैसा फंडाचं नाव उठावात असलेला पेला आणि बिननावाचा विलायती पेला समोर आले, तर मी पैसा फंडाचा घेईन.

हंड्या आणि झुंबरं हा महागडा प्रकार. हंड्यांबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

बरण्या, औषधाच्या बाटल्या, दौती, अत्तराच्या कुप्या हे सगळं स्वस्तात मिळतं आणि त्यात शिकायलाही खूप आहे. जुन्या दवाखान्यातल्या मिक्श्चरच्या बाटलीवर डोसांच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी अजून चिकटलेली असेल तर ती काढू नका. बाटल्या पुष्कळ मिळतील, पट्टी क्वचितच मिळते. गडद निळ्या किंवा हिरव्या, कंगोरे असलेल्या बाटल्या बहुधा विषारी औषधांच्या असतात. अंधारात हाताला लागताच ओळखू याव्यात म्हणून त्यांना कंगोरे ठेवत. त्यांच्यात काही उरलं असेल तर हुंगू नका आणि विहिरीच्या काठावर धुऊ नका.

अलीकडचं काही हवं असेल तर बडोद्याच्या अलेम्बिकचे ‘येरा’ पेले आणि 1962 साली मुंबईत सुरू झालेल्या बोरोसिलची सुरुवातीची भांडी पाहा. आज ती कुणी जपत नाही, म्हणून आजच जमवावीत.

घरात शिरायचं कसं

आठवडा बाजार आणि भंगारवाले यांना सांगून ठेवावंच. सावंतवाडीचा मंगळवारचा बाजार किंवा सीमेपलीकडचा म्हापशाचा शुक्रवारचा बाजार अधूनमधून फिरावा. गावातल्या भंगारवाल्याशी ओळख ठेवावी, आणि काच वेगळी काढून ठेवल्याबद्दल त्याला किलोच्या भावापेक्षा बरे पैसे द्यावेत. पण चांगली वस्तू ओळखीच्या घरातूनच मिळते. चाकरमानी मे महिन्यात आणि गणपतीला गावी येतात तेव्हा माळे उघडतात, साफसफाई निघते, वाटणीच्या गोष्टी होतात. त्या दिवसांत गावात असावं.

पहिल्या भेटीत किंमत काढू नये. पडवीत बसावं, चहा घ्यावा आणि घरातल्या वयस्क बाईला विचारावं, “आजी, ही बरणी पूर्वी कुठे असायची? हिच्यात काय ठेवायचात?” “ती होय? ती मामंजींनी मुंबईहून बोटीनं आणलेली. आधी बिस्किटं होती, मग आम्ही आमसुलं भरली,” असं उत्तर आलं की एका वाक्यात काळ, वाट आणि वापर तिन्ही कळतात. ते वाक्य तिथल्या तिथे, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.

घेताना घरातल्या सगळ्यांची संमती आहे ना हे पाहा. सामाईक घरातली वस्तू एका भावाने दिली आणि दुसऱ्याला ती नंतर कळली, तर गावातली सगळी दारं बंद होतात. कुणी वस्तू द्यायला तयार नसेल तर फोटो काढायची परवानगी मागा, मापं घ्या, हकिगत लिहून घ्या. तीही संग्रहातली नोंदच आहे. देवळातल्या हंड्यांच्या वाटेला मात्र जाऊ नये. त्या देवस्थानाच्या असतात. नव्या रोषणाईसाठी पुजारी किंवा एखादा मानकरी त्या परस्पर द्यायला निघाला, तर विश्वस्तांना सांगून त्या तिथेच नीट करून घेण्याची खटपट करावी.

हातात घेऊन पाहणं

सतरंजी किंवा जाड टॉवेल पसरून त्यावर बसा. हातातल्या अंगठ्या काढा. ऊन आडवं येईल अशा जागी, म्हणजे सकाळी पडवीत, काच फार चांगली वाचता येते.

गोटीसोड्याची बाटली उदाहरणादाखल घेऊ. आधी साच्याची रेघ शोधा. बाटलीच्या दोन्ही अंगांनी एक बारीक उभी रेघ वर चढत जाते. ती ओठाच्या थेट माथ्यापर्यंत गेली असेल तर बाटली पूर्ण यंत्रावर झालेली. रेघ मानेपाशी विरत असेल आणि वरचा ओठ वेगळा लावल्यासारखा, किंचित वाकडा, आडव्या वळ्यांचा असेल, तर तो हाताने घडवलेला आहे. अमेरिकेत मायकल ओवेन्स यांचं स्वयंचलित यंत्र विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आलं. त्यामुळे विलायती पुस्तकं आणि याद्या हातघडीच्या ओठाची बाटली सर्रास त्याआधीची मानतात. आपल्याकडे ते गणित जसंच्या तसं लावू नये. भारतात फुंकून आणि हाताने काच घडवणं त्यानंतर कितीतरी दशकं चालू राहिलं. हातघडी दिसली म्हणजे शंभर वर्षं जुनी, हे दुकानदाराचं बोलणं म्हणून ऐकून घ्यावं आणि पुढच्या खुणांकडे वळावं.

मग बूड. वर्षानुवर्षं फळीवर आणि चिऱ्याच्या कठड्यावर टेकलेल्या बाटलीच्या बुडाच्या कडेला बारीक चरे असतात. ते वेगवेगळ्या दिशांचे, काही खोल काही उथळ, आणि फक्त जिथे बूड टेकतं तिथेच असतात. पॉलिश कागदाने घासून केलेलं खोटं जुनेपण भिंगाखाली लगेच दिसतं, कारण ते चरे एकाच दिशेचे असतात आणि बुडाच्या आतल्या खळग्यातही पोचलेले असतात. बुडाच्या मध्यभागी खरखरीत गोल व्रण असेल तर तो पाँटिलचा. ओठ घडवताना कारागीर बाटली बुडाकडून लोखंडी दांडीला चिकटवून धरत असे. दांडी तोडली की व्रण राही.

रंगाकडे पाहा. वाळूतल्या लोहामुळे साध्या काचेला हिरवट-निळसर छटा येते. कणकवली तालुक्यातल्या कासार्ड्याची सिलिका वाळू ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सहज समजेल. वाळू जितकी पांढरी, तितकी काच स्वच्छ. छटा घालवायला पूर्वी मँगनीज घालत, आणि अशी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की फिकट जांभळी होते. पिवळसर-हिरवी काच असेल तर अंधारात अतिनील टॉर्च मारा. झगझगीत हिरवा उजेड आला तर त्यात युरेनियम आहे. हा प्रकार 1830 च्या दशकात बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक देशात, लोकप्रिय झाला. मँगनीजवाली काचही किंचित हिरवी दिसते, पण मंद. युरेनियमची काच कपाटात ठेवायला हरकत नाही. तिच्यातून रोज खाणंपिणं करू नये. हाच टॉर्च जोडकामही दाखवतो, कारण चिकटवणीचा रस बहुधा काचेपेक्षा वेगळ्या रंगात चमकतो.

नक्षी कापीव आहे की साच्यातली, हे अंगठ्याने कळतं. कापलेल्या नक्षीच्या कडा धारदार लागतात, साच्यातल्या गोलसर आणि मऊ. शिशाचं स्फटिक वजनाने जड असतं आणि नखाने हलकेच टिचकी मारली की लांब घुमतं. टिचकी मारायच्या आधी तडा नाही ना हे पाहा. अशा सुरईत दारू किंवा सरबत साठवून ठेवू नये, शिसं उतरतं.

देशाचं नाव काळ ठरवायला मोठी मदत करतं. ‘चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर वस्तू 1918 च्या आधीची नाही. ‘वेस्ट जर्मनी’ म्हणजे 1949 ते 1990. ‘ऑक्युपाइड जपान’ म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरची, 1952 पर्यंतची.

शेवटी ओठावरून आणि कडांवरून कापसाचा बोळा फिरवा. जिथे तंतू अडकेल तिथे कपचा उडाला आहे. पेल्याचा काठ इतर भावंडांपेक्षा बुटका आणि सपाट असेल, तर तो फुटलेला काठ घासून खाली आणलेला असू शकतो.

हंडी घेताना

कोकणात प्रत्येक जुन्या हंडीला ‘बेल्जियमची’ म्हणतात. विकणारा ते खोटं बोलावं म्हणून म्हणतोच असं नाही, त्याच्या आजोबांनीही तेच म्हटलेलं असतं. हंड्या बेल्जियममधून आल्या, तशाच बोहेमियातून आणि इंग्लंडमधूनही आल्या. बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीची तर कलकत्त्यात पेढी होती. खूण किंवा पावती नसेल तर वहीत ‘विलायती, बहुधा’ एवढंच लिहा.

रंगीत हंडीचा काठ भिंगाने पाहा. कधी काच आतपर्यंत रंगीत असते. कधी पांढऱ्या काचेवर रंगीत काचेचा थर असतो आणि नक्षी कापली की आतली पांढरी उघडी पडते. नव्या मालात पुष्कळदा वरून मारलेला रंग असतो, तो काठाच्या कोपऱ्यात नखाने सुटतो. पितळी कडं, तीन साखळ्या आणि वरची धुराची काचेची टोपी एकाच वयाची दिसतात का ते पाहा. टोपी बहुतेक ठिकाणी हरवलेली असते. ती असेल तर हंडीचं मोल बरंच वाढतं. आतल्या पेल्यात खाली पाणी आणि वर खोबरेल घालून वात लावत, त्या तेलाची पिवळट रेघ आत राहिलेली असेल तर ती चांगली खूण आहे.

धुणं

राख, वाळू, नारळाची शेंडी आणि तारेचा काथ्या काचेला लावू नये. पितळेला ते चालतं, काचेवर त्याचे चरे कायमचे राहतात. कोमट पाणी, दोन थेंब भांड्यांचा साबण आणि मऊ सुती कापड पुरेसं आहे. प्लॅस्टिकच्या टबात, तळाला टॉवेल घालून, एका वेळी एकच वस्तू धुवा. जुनी काच कधी कधी नीट थंड करून निववलेली नसते. ती उकळत्या पाण्याने तडकते.

बाटलीच्या आत हात जात नाही तिथे मूठभर कच्चे तांदूळ, साबणाचं पाणी घालून हलकेच गोल फिरवा. पांढरा क्षार असेल तर पातळ व्हिनेगर काही तास भरून ठेवा. तरीही धूसरपणा राहिला, तर तो काचेचाच पृष्ठभाग झिजलेला आहे आणि तो घरी जात नाही. काही विक्रेते आतून तेल फिरवून तो लपवतात. बोट आत घालून पाहावं. सोनेरी वेलबुट्टी, रंगकाम किंवा सप्तरंगी झळाळी असेल तिथे व्हिनेगर नको, घासणं नको, ओल्या कापडाने टिपणं एवढंच. काचेवर मागून रंगवलेली देवांची चित्रं असतील तर मागची बाजू अजिबात पुसू नका.

काचेचं बूच अडकलं असेल तर मानेवर सुती पट्टी गुंडाळून पुढेमागे ओढत ती घर्षणाने कोमट करा, फटीत ग्लिसरीनचा थेंब सोडा, रात्रभर ठेवा. पिळू नका. निघालं की बूच आणि बाटली वेगळी ठेवा.

पावसाळा

जून ते सप्टेंबर ही संग्रहाची खरी परीक्षा. हवेत इतका ओलावा असतो की काही जुनी काच घाम फुटल्यासारखी चिकट होते. चुना कमी आणि सोडा किंवा पोटॅश जास्त पडलेल्या काचेतला क्षार दमट हवेत बाहेर येतो, पाणी ओढतो, आणि पुढे आत जाळीदार बारीक तडे दिसू लागतात. अशी वस्तू दिसली तर साध्या पाण्याने धुवा, पूर्ण कोरडी करा आणि बाकीच्यांपासून वेगळी, कोरड्या जागी ठेवा. संग्रहालयं तिच्यासाठी हवेतली आर्द्रता 40 टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवतात. आपल्याला घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे निळे दाणे, यावर भागवावं लागतं. दाण्यांचा निळा रंग गुलाबी झाला की ते कढईत मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात. ती कढई मग स्वयंपाकाला घेऊ नये.

धडधाकट काचेसाठी नियम उलटा: तिला हवा द्या. बाटल्या बूच लावून ठेवू नका. पेले एकात एक घालू नका, मध्ये अडकलेलं पाणी काचेवर कायमचे डाग पाडतं आणि पेले सुटताना तडकतात. कपाट चिऱ्याच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, पायांखाली दगडी कपच्या ठेवा म्हणजे ओल आणि वाळवी दोन्ही लांब राहतील. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली काच सप्टेंबरात सोडवताना कागद चिकटलेला निघतो आणि दुधी काचेवर शाई उतरते. जुन्या धुतलेल्या सुती साडीचे तुकडे वापरा. समुद्राला लागून घर असेल तर खारं वारं काचेवर मिठाचा थर बसवतं आणि तो ओल धरतो. दर महिन्याला साध्या पाण्याच्या फडक्याने पुसून कोरडं करा.

जागेचा विचार गावाप्रमाणे करा. चिपळूणला 2005 आणि 2021 च्या पुरांनंतर खालच्या फळीवर काही ठेवायचं धाडस कुणी करू नये. चिपळूण-संगमेश्वरच्या पट्ट्यात कोयनेचे धक्के अधूनमधून जाणवतात, तिथे फळीला पुढून लाकडी पट्टी ठोका आणि उभ्या वस्तूंच्या बुडाखाली मेणाचे छोटे ठिपके लावा. कौलारू घरात माकडांनी सरकवलेलं कौल काचेच्या कपाटावर पडू शकतं, तेव्हा कपाटाला लाकडी माथा हवाच.

नोंदवही आणि कायदा

प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या. तो वस्तूवर न चिकटवता सुती दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर लिहा. वहीत माप, वजन, खुणा, दोष, कुठल्या गावातल्या कुठल्या घरातून, कुणाकडून, किती पैसे दिले आणि त्या माणसाने काय सांगितलं ते लिहा. ऐकलेलं आणि आपण तपासलेलं यांचे रकाने वेगळे ठेवा. विकत घेतलं असेल तर साध्या कागदावर का होईना, सही घ्या.

पुरावस्तू आणि कलानिधी कायदा, 1972 प्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुनी कलाकुसरीची वस्तू ‘पुरावस्तू’ ठरू शकते. ती जवळ ठेवायला अडचण नाही, पण तिचा विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. अमेरिकेतल्या भाच्याला आजोबांची हंडी भेट म्हणून बॅगेत द्यायची असेल, तर आधी पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र घ्या.

जमिनीतून काही काढू नका. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग हे संरक्षित किल्ले आहेत, आणि वेंगुर्ल्याला सतराव्या शतकात डचांची वखार होती म्हणून तिच्या आवारात जुन्या बाटल्या शोधत खणणं हा गुन्हा आहे. तिथे उघड्यावर तुकडा दिसला तर फोटो काढा, जागा लिहा, तुकडा तिथेच ठेवा. स्वतःच्या परड्यात माड लावताना जुनी वस्तू निघाली, तर 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीच्या पुरलेल्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. फुटक्या गोटीसोड्याच्या बाटलीसाठी कुणी तिथवर जायची गरज नाही. नाणी, दागिने किंवा भरलेला बुधला निघाला तर मात्र आधी तलाठ्याला बोलवा.